तिरळेपणा आणि दुहेरी दिसणे: शस्त्रक्रियेच्या वाटेवर पहिल्यांदाच आलेल्यांसाठी

डोळा तिरळा आहे किंवा एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात म्हणून शस्त्रक्रियेचा विषय निघाला, की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, तारीख कधीची? त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. दोन डोळ्यांच्या नजरेतला कोन, म्हणजे तिरळेपणा, किती आहे? आणि तो स्थिरावला आहे का? या शस्त्रक्रियेत स्नायू मिलिमीटरच्या हिशेबाने सरकवतात आणि तो हिशेब कोनाच्या मोजमापावरून निघतो. मोजमाप कच्चे असेल, तर कितीही सफाईदार हाताने घातलेला टाका चुकीच्या जागी बसतो. म्हणून इथे ऑपरेशन थिएटरपेक्षा त्याआधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

पायरी १: एक डोळा झाकून बघा

दोन दिसत असतील तेव्हा आधी उजवा डोळा तळहाताने झाका, मग डावा. एक डोळा झाकल्यावरही उघड्या डोळ्याला दोन किंवा सावली पडल्यासारखे दिसत असेल, तर बिघाड त्या डोळ्याच्या आत आहे. मोतीबिंदू, डोळ्यांचा कोरडेपणा, चष्म्याचा न दिलेला तिरपा नंबर, बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा खडबडीतपणा ही त्याची नेहमीची कारणे. तिथे स्नायूंच्या शस्त्रक्रियेचा काही उपयोग नाही. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तरच दोन डोळे एका जागी रोखले जात नाहीत असे समजायचे.

मग थोडे बारकाईने पाहून लिहून ठेवा. दोन प्रतिमा शेजारी शेजारी आहेत, वरखाली आहेत, की एक कललेली आहे? दूरचे बघताना त्रास जास्त की जवळचे? कोणत्या दिशेला पाहिल्यावर प्रतिमा जास्त लांब जातात? दूरचे पाहताना आडव्या दोन आणि पुस्तक वाचताना एक, असे असेल तर डोळा बाहेर नेणाऱ्या स्नायूचा, म्हणजे त्याला चालवणाऱ्या मेंदूच्या सहाव्या नसेचा संशय येतो. जिना उतरताना आणि खाली बघून वाचताना वरखाली दोन दिसत असतील आणि मान एका खांद्याकडे झुकत असेल, तर चौथ्या नसेकडे लक्ष जाते. सकाळी ठीक आणि संध्याकाळी वाढणारा त्रास मायस्थेनियाकडे, म्हणजे स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराकडे बोट दाखवतो, तर सकाळी उठल्याबरोबर जास्त असणारा त्रास बऱ्याचदा थायरॉइडच्या आजाराने बिघडलेल्या डोळ्यांत दिसतो. तपासणाऱ्याचे अर्धे काम या टिपणामुळे सोपे होते.

लहान मूल मात्र दोन दिसल्याची तक्रार सहसा करत नाही. वाढत्या वयातला मेंदू तिरळ्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा सरळ बाजूला सारतो. मुलाला त्रास होत नाही म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि तेवढ्या काळात तो डोळा आळशी होत जातो, म्हणजे त्याची नजर कमी होत जाते.

तारखेची वाट पाहायची नाही अशी लक्षणे

अचानक दोन दिसू लागले आणि सोबत एका डोळ्याची पापणी खाली आली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, डोके जोरात दुखू लागले, तर त्याच क्षणी इमर्जन्सीत जायचे. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसऱ्या नसेवर दाब देत असू शकतो आणि तो फुटला तर जिवावर बेतते. बोलणे अडखळणे, हातापायातली ताकद जाणे, तोल जाणे यांतले काही सोबत असेल तर पक्षाघाताचा विचार करायला हवा. पन्नाशीनंतर दुहेरी दिसण्याबरोबर कानशिले दुखत असतील, डोक्याला हात लावला तरी दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल, तर धमन्यांना सूज आणणारा आजार असू शकतो. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून रक्त तपासून स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करतात. थायरॉइडच्या रुग्णाला रंग फिके दिसू लागले किंवा नजर मंद झाली, तर डोळ्याच्या मुख्य नसेवर दाब आला आहे का हे तातडीने बघावे लागते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट कधीही पुढे ढकलू नका. फोटोत किंवा उजेडात बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर आधी दृष्टिपटल तपासून घ्या. न दिसणारा डोळाही तिरळा होतो, आणि न दिसण्याचे कारण डोळ्यातली गाठ असू शकते.

पायरी २: आधी कारण, मग कोन

प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात. चार सरळ आणि दोन तिरपे. त्यांना मेंदूतून येणाऱ्या तीन नसा चालवतात. बाहेर नेणारा स्नायू सहावीकडे, वरचा तिरपा चौथीकडे आणि उरलेले चारही तिसरीकडे. बिघाड नसेत आहे, स्नायूत आहे, नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे आहे, की लहानपणापासून दोन डोळ्यांचा ताळमेळच बसलेला नाही, हे ठरल्याशिवाय शस्त्रक्रियेची भाषा करू नये.

कारण कळले की किती थांबायचे तेही कळते. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे नसेचा रक्तपुरवठा अडला असेल, तर बरीच माणसे काही महिन्यांत आपोआप सुधारतात. अशा डोळ्यावर दुसऱ्याच महिन्यात शस्त्रक्रिया केली आणि तिसऱ्या महिन्यात नस जागी झाली, तर डोळा उलट्या बाजूला तिरळा होतो. म्हणून नसेच्या अशक्तपणात साधारण ६ महिने थांबून, मोजमाप बदलेनासे झाल्यावरच पुढे जातात. थायरॉइडमध्येही आजार शांत होऊन मोजमाप ६ महिने तेच राहायला हवे. तिथे क्रमही ठरलेला आहे. डोळ्याच्या खोबणीतली जागा वाढवायची शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती आधी, मग स्नायू, सगळ्यात शेवटी पापण्या. खोबणीची जागा बदलली की कोन बदलतो आणि स्नायू सरकवला की पापणीची उंची बदलते, म्हणून हा क्रम उलटवून चालत नाही. मायस्थेनियात कोन दिवसातून अनेकदा बदलतो. तिथे आधी औषधे, आणि शस्त्रक्रिया झालीच तर आजार बराच काळ आटोक्यात राहिल्यावर.

मुलांच्या तपासणीत थेंब घालून, डोळ्याची जवळचे पाहण्याची ताकद तात्पुरती सैल करून नंबर काढणे सक्तीचे आहे. प्लस नंबरमुळे आत वळणारे डोळे चष्म्यानेच पूर्ण किंवा बरेचसे सरळ होतात. इथे एक गैरसमज वारंवार होतो. चष्मा काढला की डोळा पुन्हा आत जातो, हे पाहून पालक म्हणतात, ऑपरेशन करून चष्माच घालवा. शस्त्रक्रिया चष्मा लावूनही उरलेल्या कोनापुरतीच करायची असते. चष्म्याने सरळ होणारा भागही कापून सरळ केला, तर पुढे प्लस नंबर कमी होत गेल्यावर डोळा बाहेर जाऊ लागतो आणि दुसरी शस्त्रक्रिया ओढवते.

आळशी डोळ्याचा उपचारही सहसा आधीच सुरू करतात. चांगल्या डोळ्यावर पट्टी, मध्यम आळशीपणाला रोज २ तास, तीव्र असेल तर रोज ६ तास अशी साधारण सुरुवात असते. शस्त्रक्रियेने डोळा सरळ होतो, त्याची नजर वाढत नाही. ऑपरेशन झाले म्हणून पट्टी सोडून दिली, तर सरळ दिसणारा पण कमी दिसणारा डोळा हाती उरतो. आणि कमी दिसणारा डोळा पुन्हा भरकटायला वेळ लागत नाही.

आता कोन. तो प्रिझमने, म्हणजे प्रतिमा बाजूला सरकवणाऱ्या काचेने, प्रिझम डायऑप्टरमध्ये मोजतात. १ प्रिझम डायऑप्टर म्हणजे १ मीटर अंतरावरची प्रतिमा १ सेंटिमीटर सरकणे, अंशात सांगायचे तर अर्ध्या अंशाहून थोडे जास्त. एका डोळ्यापुढे प्रिझम धरून दोन्ही डोळे आळीपाळीने झाकतात आणि डोळ्याची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत प्रिझम वाढवत नेतात. हे ६ मीटरवर आणि ३३ सेंटिमीटरवर, योग्य चष्मा लावून, शिवाय वर, खाली, उजवीकडे, डावीकडे बघायला लावून करायचे असते. मूल सहकार्य देत नसेल तर टॉर्चचा ठिपका बाहुलीच्या मध्यापासून किती सरकला आहे त्यावरून अंदाज घेतात. १ मिलिमीटर म्हणजे साधारण १५ प्रिझम डायऑप्टर. हा अंदाज आहे, शस्त्रक्रियेचा आधार म्हणून तो एकटा पुरेसा नाही.

मोजमाप किमान दोन वेगवेगळ्या दिवशी व्हायला हवे. जाताना सध्याचा चष्मा, जुन्या चष्म्याचे नंबर आणि जुने फोटो न्या. लहानपणच्या फोटोत मान एका बाजूला कललेली दिसली, तर चौथ्या नसेचा दोष जन्मापासूनचा असावा हे लगेच ध्यानात येते आणि बऱ्याच तपासण्या वाचतात.

थांबण्याच्या काळात काय करायचे

चष्म्याच्या एका काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावली की दुसरी प्रतिमा निघून जाते. मोठ्या माणसाने कोणत्याही डोळ्यावर लावली तरी चालते. आठ वर्षांखालच्या मुलाला मात्र विचारल्याशिवाय लावू नका, झाकलेला डोळा आळशी होईल. दुसरा उपाय चष्म्यावर चिकटवायच्या पातळ प्लॅस्टिक प्रिझमचा. तो स्वस्त असतो, कोन बदलला की बदलता येतो, पण त्यातून थोडे धूसर दिसते. काचेतच घडवलेला प्रिझम जास्त स्वच्छ दिसतो, मात्र कोन मोठा असला की काच जाड आणि जड होते. काही रुग्णांत बोटुलिनम इंजेक्शनने विरुद्ध स्नायू साधारण तीन महिने सैल ठेवतात, म्हणजे नस सुधारेपर्यंत तो आखडत नाही. डोळ्यांचे व्यायाम जवळचे पाहताना डोळे आत न वळण्याच्या दोषात खरोखर उपयोगी पडतात. लुळा पडलेला किंवा आखडलेला स्नायू व्यायामाने बरा होत नाही. दोन दिसत असताना गाडी चालवायची नाही, आणि एक डोळा झाकून चालवायची झाली तरी आधी डॉक्टरांना विचारायचे.

पायरी ३: मिलिमीटरचा हिशेब समजून घ्या

सरळ स्नायू बुबुळाच्या कडेपासून ठरावीक अंतरावर डोळ्याला चिकटलेले असतात. आतला सुमारे ५.५ मिलिमीटरवर, खालचा ६.५, बाहेरचा ६.९ आणि वरचा ७.७. स्नायू तिथून सोडवून मागे शिवला की त्याची ओढ कमी होते. याला रिसेशन म्हणतात. स्नायूचा तुकडा काढून उरलेला मूळ जागी शिवला की ओढ वाढते, ते रिसेक्शन. जवळपास सगळी तिरळेपणाची शस्त्रक्रिया या दोन गोष्टींच्या जोडणीतून उभी राहते.

आकडे पाहिले म्हणजे मोजमापाचा एवढा आग्रह का ते पटेल. आत वळलेल्या डोळ्यांत दोन्ही आतले स्नायू ३ मिलिमीटर मागे नेले तर साधारण १५ प्रिझम डायऑप्टर सुधारतात, ४.५ मिलिमीटर नेले तर ३० आणि ६ मिलिमीटर नेले तर सुमारे ५०. म्हणजे पहिल्या ३ मिलिमीटरना जेवढा कोन सुधारला तेवढाच पुढच्या दीड मिलिमीटरमध्ये सुधारतो. या टप्प्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे ५ प्रिझम डायऑप्टरचा फरक. बाहेर गेलेल्या डोळ्यांत दोन्ही बाहेरचे स्नायू ५ मिलिमीटर नेले तर २०, ७ नेले तर ३०, ८ नेले तर ४०. वरखालीच्या दोषात १ मिलिमीटरला ढोबळ ३ धरतात. प्रत्येक शल्यविशारद आपल्या निकालांवरून हे तक्ते थोडे बदलतो, म्हणून दोन डॉक्टरांचे आकडे जुळले नाहीत तर गडबडू नका.

ज्या डोळ्यावर शस्त्रक्रिया ठरते तो कित्येकदा तिरळा दिसणारा डोळा नसतो, आणि घरच्यांना हे पटायला वेळ लागतो. तिरळेपणा हा दोन डोळ्यांमधला कोन आहे. तो दोन्हींकडे वाटून किंवा चांगल्या डोळ्याच्या स्नायूवर काम करूनही सुधारता येतो. मात्र एका डोळ्याची नजर कायमची कमी असेल, तर चांगल्या डोळ्याला शक्यतो हात लावत नाहीत. सहावी नस पूर्ण निकामी असेल तर बाहेरचा स्नायू तुकडा काढून आखूड करण्यात अर्थ नसतो. तिथे वरच्या आणि खालच्या स्नायूंची ओढ बाहेरच्या बाजूला वळवतात. प्रौढांत एकाच डोळ्याचे तीन किंवा चार सरळ स्नायू एका वेळी सोडवणे टाळतात, कारण डोळ्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा याच स्नायूंमधून जातो.

मोठ्या माणसांना, विशेषतः थायरॉइड किंवा आधीच्या शस्त्रक्रियेचे व्रण असतील तर, अ‍ॅडजस्टेबल टाक्याविषयी जरूर विचारा. टाका सुटणाऱ्या गाठीने बांधून ठेवतात. रुग्ण जागा झाल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याला समोर बघायला लावून मोजतात, गरजेप्रमाणे टाका सैल किंवा घट्ट करतात आणि मग पक्का बांधतात. भुलेखाली डोळ्याची जागा खरी दिसत नाही, ही अडचण त्याने बरीचशी सुटते.

काय मिळणार, हेही आधीच बोलून घ्या. लुळ्या किंवा आखडलेल्या स्नायूत अपेक्षा अशी ठेवायची: समोर आणि वाचण्यापुरते खाली पाहताना एक दिसावे. टोकाच्या बाजूला बघताना दोन दिसणे राहू शकते, तिथे मान वळवायची सवय लागते. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या प्रौढाला आज दोन दिसत नसले, तरी डोळा सरळ केल्यावर दिसू शकतात. ते आधी प्रिझमने कोन पुसून तपासता येते. ही चाचणी झाली नसेल तर मागून घ्या.

पायरी ४: शस्त्रक्रियेचा दिवस

मुलांना पूर्ण भूल देतात. प्रौढांना पूर्ण भूल किंवा डोळ्याभोवती इंजेक्शन. उपाशी राहण्याचा नेहमीचा नियम असा: जेवण ६ तास आधी बंद, आईचे दूध ४ तास, पाणी २ तास. भूलतज्ज्ञांनी वेगळे सांगितले तर तेच खरे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, त्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. कुटुंबात कुणाला भुलेत अंग तापून जीव धोक्यात आला असेल, तर ते न विचारताही सांगा. मुलाला ताप किंवा छातीत कफ असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी.

डोळा बाहेर काढून ठेवतात, ही भीती अजून अनेकांच्या मनात असते. तसे काही होत नाही आणि बाहेर त्वचेवर कापही सहसा नसतो. भूल चढल्यावर डोळा चिमट्याने धरून सगळ्या दिशांना फिरवून बघतात, म्हणजे स्नायू आखडला आहे की फक्त अशक्त आहे ते कळते. पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला छोटा छेद देऊन स्नायू आकड्यावर उचलतात. त्याच्या टोकाशी विरघळणारा बारीक टाका आधी घेतात, मगच स्नायू डोळ्यापासून सोडवतात. हा क्रम महत्त्वाचा, कारण टाक्याशिवाय सुटलेला स्नायू खोबणीत मागे जाऊन हरवू शकतो. मग कॅलिपर या मोजपट्टीसारख्या साधनाने अंतर मोजून नव्या जागी शिवतात. तिथले पांढरे कवच साधारण ०.३ मिलिमीटर जाडीचे असते, म्हणून सुई चपटी वापरतात आणि कवचाच्या थरातूनच नेतात. ती आरपार गेली तर दृष्टिपटलाला इजा होऊ शकते. असे क्वचित घडते, पण ते होऊ शकते हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तुम्हाला सांगायला हवे. स्नायू ओढताना नाडी एकदम मंदावू शकते. शल्यविशारद ओढ सोडतो, नाडी परत येते. नाहीच आली तर नाडी वाढवणारे अ‍ॅट्रोपिन तयार असते.

पायरी ५: पहिले सहा आठवडे

या शस्त्रक्रियेनंतर उलट्या होणे खूप सामान्य आहे. आधी त्रास झाला असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा, म्हणजे औषध आधीच देता येते. डोळ्यात खडा गेल्यासारखे टोचते, डोळ्यातून येणाऱ्या पाण्यात किंचित लाली दिसते, डोळा हलवला की दुखते. डोळ्याची लाली दोन ते सहा आठवडे टिकते, पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेत जास्त. थेंब सांगितलेल्या वेळी घाला. अंघोळ करायची, फक्त साबणाचे पाणी डोळ्यात जाऊ द्यायचे नाही. पोहणे आणि मातीतले खेळ दोन ते चार आठवडे बंद. टीव्ही किंवा वाचनाने टाका तुटत नाही. जुन्या चष्म्यात प्रिझम असेल तर तो लावायचा की नाही हे घरी जाण्यापूर्वी विचारून घ्या, नाहीतर सुधारलेल्या कोनावर जुना प्रिझम चढतो आणि उगाच दोन दिसतात.

सुरुवातीला काही दिवस ते काही आठवडे दोन दिसणे किंवा कोन थोडा उलट्या बाजूला जाणे चालते. बाहेर जाणाऱ्या डोळ्यात तर अनेक डॉक्टर मुद्दामच सुरुवातीला थोडे जास्त दुरुस्त करतात, कारण तो पुन्हा बाहेर सरकतो. पण दुखणे दिवसागणिक वाढत असेल, नजर मंद होत असेल, पापण्या सुजून घट्ट झाल्या असतील, पिवळा स्राव किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. डोळा अचानक एका बाजूला गेला आणि शिवलेल्या स्नायूच्या दिशेला वळेनासाच झाला, तर स्नायू टाक्यातून निसटला असू शकतो. तो लवकर शोधून परत बसवणे सोपे असते, उशीर झाला की व्रणात शोधावा लागतो.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तेच मोजमाप, ६ मीटर आणि ३३ सेंटिमीटरवर. चष्म्याचा नंबरही याच वेळी पुन्हा काढतात. उरलेला कोन लहान असेल तर काचेत प्रिझम, त्रास देण्याइतका मोठा असेल तर दुसरी शस्त्रक्रिया. ती लागली म्हणजे पहिली चुकली असे नाही. एकाच मोजमापाच्या दोन डोळ्यांना एकच मिलिमीटर वेगवेगळा लागू पडतो.

घरी जाताना शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्या: कोणता डोळा, कोणता स्नायू, किती मिलिमीटर, बुबुळाच्या कडेपासून नवी जागा किती अंतरावर, आधीचा कोन किती. पाच किंवा वीस वर्षांनी दुसऱ्या कुणाला तो डोळा उघडावा लागला, तर व्रणाखाली स्नायू कुठे असेल याचा पहिला पत्ता त्या कागदावरच असतो.